इस्त्रीच्या नोटा

“बाई पेटीतल्या नोटा घरी नेते आणि—” बस्स, एवढंच ऐकलं हो मी, मॅडम, शपथेवर सांगते. पुढचं शिलाईच्या मशीनने खाल्लं. मी शिंपिणीच्या दुकानात पडद्यामागे नवा कुर्ता घालून बघत होते — बाही तंग केली होती तिने, हात वरच जाईना — आणि पडद्यापलीकडे ती चर्च झाडणारी बाई शिंपिणीला हे सांगत होती, आणि नेमकं ‘आणि’ म्हणायला अन् शिंपिणीने पाय दाबायला एकच गाठ पडली. घर्रर्र! आता मला सांगा, असं अर्धं वाक्य कानात घेऊन माणसाने घरी कसं जायचं? जेवण गेलं नसतं मला. — बसा ना नीट, त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, भिंतीकडे रेललात की डुगडुगत नाही. बाई येईलच. बँकेत गेलीय. समोरच्या दाराला कुलूप बघितलंत ना, ते तिचंच. तुम्ही आज येणार हे तिला ठाऊक आहे, पळून बिळून नाही गेली. तसली नाही ती. म्हणजे — कसली आहे ते तुम्ही ठरवायचं, त्यासाठीच तर चर्चच्या मुख्य कार्यालयाने पाठवलंय तुम्हाला, मी कोण बोलणारी? पण पळणारी नाही. साखर किती घालू चहात?

तर काय सांगत होते — हो, बाई. आम्ही सगळे तिला नुसतं ‘बाई’च म्हणतो, शाळेत कारकून होती ती, तिथलंच नाव चिकटलं. नवरा गेला, मुलगी लांब, आणि चर्चच्या मदत मंडळाचं खजिनदारपण गळ्यात. गळ्यातच म्हणायचं, कारण दुसरं कुणी घ्यायलाच तयार नव्हतं. मी त्या चर्चची नाही बरं का, आमचं तसं काही नाही, पण मंडळाची मावशी सगळ्यांकडे यायची — ज्याचं माणूस अंथरुणाला खिळलंय त्याच्याकडे, मग तो प्रार्थनेला जावो न जावो. हळूमावशी. तिचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. पेशंटला कुशीवर वळवताना “हळू, हळू, हळूऽ” असं म्हणायची ना, म्हणून हळूमावशी. आमच्या सासूबाई आतल्या खोलीत आहेत — ऐकू येतं त्यांना सगळं, नुसतं उठवत नाही, म्हणून मी जरा हळू बोलते — त्यांना ती येऊन अंग पुसायची, चादर बदलायची, पाठीला पावडर लावायची, आणि त्यांच्या शिव्या खायची. त्यांच्या शिव्या खाणं हे पगारात नव्हतं, ते वरचं काम. आमच्याकडून तिने एक पैसा घेतला नाही कधी. पगार मंडळाचा. मंडळाला पैसा त्या पेटीतून. आलं ना लक्षात? म्हणजे तशी ती पेटी आमच्याही घरची झाली की नाही? — असं मी तेव्हा म्हणायचे. जिन्यात उभी राहून मोठ्याने म्हणायचे.

आता पेटीचं ऐका, कारण सगळं तिथून सुरू झालं. आधी लाकडी होती. चर्चच्या दारातल्या ओट्यावर, काळी, जड, वरती एक चीर. बाजारात जायला आम्ही सगळे त्या ओट्यावरूनच जातो, नाहीतर अख्खा वळसा पडतो, म्हणून ती पेटी रोज दिसायची, पण तिच्या पोटात काय आहे ते दिसायचं नाही. मग लोक कुजबुजायला लागले — किती जमतं, कुठे जातं, कोण खातं. खरं सांगायचं तर कुणी खात नव्हतं, पण न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायला माणसाला बरं वाटतं ना? मग फादरांनी अंगणात सभा घेतली. सगळ्यांना बोलावलं, ज्यांच्याकडे मावशी जायची त्यांनाही. मी मागच्या बाकावर होते. आणि कुणीच काही नीट बोलेना म्हणून मी उठले आणि म्हटलं, “अहो, काच लावा! झाकायचं काय त्यात? दिसू दे ना लोकांना!” टाळ्या पडल्या, मॅडम. खऱ्याखुऱ्या टाळ्या. माझ्या आयुष्यात मला टाळ्या कधी पडणार? आमच्या ह्यांनीसुद्धा वाजवल्या, आणि ते घरात माझ्या बोलण्यावर टीव्हीचा आवाज वाढवतात. फादरांनी लगेच काचेची पेटी करून घेतली, आणि बाजूला फळा — दर रविवारी प्रार्थनेनंतर पेटी उघडायची, फादर आणि ती ऑर्गन वाजवणारी मोजणार, बाई ताब्यात घेणार, आणि आकडा खडूने फळ्यावर. सगळं उघड. बाई तेव्हा एकच म्हणाली होती मला जिन्यात, “वहिनी, लाकडाने कुणाची लाज राखली असेल तर?” मला कळलंच नाही ती काय म्हणते. मला वाटलं, खजिनदारीण बिथरली!

आणि नंतर कळलं. तो कोपऱ्यावरचा म्हातारा आहे ना, पेपर विकणारा — तो रोज जाता जाता मूठ चिरेला लावायचा, आत काय पडायचं ते त्यालाच माहीत. काच आल्यावर एक दिवस नाणं टाकलं, ते खाली जाऊन टण्णकन वाजलं, आत एकटंच, सगळ्यांसमोर. तो परत त्या ओट्यावरून गेलाच नाही. वळसा घालून जायला लागला. औषधाच्या दुकानदाराची बायको मात्र रविवारी नोट अशी — बघा, अशी — आकडा बाहेर दिसेल अशी घडी करून टाकायची आणि मग पेटीशेजारी उभी राहून चपलेचा पट्टा नीट करायची. पट्टा काही केल्या नीट व्हायचा नाही तिचा. तिच्यासारख्या दोन-चार जणी सोडल्या तर बाकीच्यांनी हात आखडला. पेटी रिकामी. आणि रिकामी पेटी दिसली की माणूस म्हणतो, कोणीच टाकत नाही, मी कशाला टाकू? मी? — मी म्हणजे — मीही म्हणायचे. तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

मग एका शनिवारी बघते तर काय, पेटीत नोटा! छान, कोऱ्या, ताठ, काचेला टेकून उभ्या. दुकानातल्या काचेत माल मांडतात ना, तशा. पुढच्या शनिवारी परत. फळ्यावरचा आकडा वर गेला. फादर प्रार्थनेत खूश. आणि मी बाजारातून येताना बघायचे आणि मनात म्हणायचे, चला, भरली आहे की, मावशीची काळजी नको — आणि पुढे निघून यायचे. सगळेच तसे. रिकामी होती तेव्हाही दिलं नाही, भरली तेव्हाही नाही. आता तुमच्यासमोर बोलताना कानाची पाळी गरम होतेय माझी. घ्या ना बिस्कीट.

आणि नेमकं अशात मी ते पडद्यामागे ऐकलं. “बाई पेटीतल्या नोटा घरी नेते आणि—” अहो, पुढे काय असणार? माझ्या जागी तुम्ही असतात तर काय लावलं असतंत? घरी नेते आणि ठेवते, घरी नेते आणि खाते, दुसरं काय? मी विचारणार होते, पडदा सारून बाहेर येऊन सरळ विचारणार होते, पण त्या तंग बाहीत माझा हात अडकला होता, आणि मी निघेपर्यंत झाडणारी गेलेली. शिंपिणीला विचारलं तर म्हणाली, “मला काही ऐकूच आलं नाही, मशीन चालू होतं की.” हो का! मग आधी का ऐकत होतीस? घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “अगं, अर्धंच ऐकलंस ना, मग अर्धंच विसर, काम कमी.” सासूबाई आतून म्हणाल्या, “सूनबाई, तुझ्या कानांना मी हात जोडते, तोंडापुढे मात्र माझे हात टेकले.” पण माझ्या पोटात काही राहत नाही, हा माझा जन्माचा रोग. मी औषधाच्या दुकानदाराच्या बायकोला सांगितलं. पण कसं सांगितलं? — “मला काही ठाऊक नाही हं, मी नुसतं ऐकलंय” — असं सांगितलं. तिने शिंपिणीला सांगितलं. शिंपिणीने, जिला काही ऐकूच आलं नव्हतं, तिने सगळ्या गिऱ्हाइकांना. फिरून माझ्याकडे परत आलं तोवर बाईने मुलीला घर घेऊन दिलं होतं त्या पेटीतून! मीच दचकले. म्हटलं, बाई गं, एवढं?

तो कागद — तुमच्या हातातला, तेच ना ते तक्रारीचं पत्र? नाही, मला वाचायचं नाही. म्हणजे, वाचलं तुम्ही मघाशी पिशवीतून काढलंत तेव्हा, उलटं, पण मला उलटं वाचता येतं. ‘दिवसाढवळ्या, देवाच्या दारात, काचेआडून’ — हेच लिहिलंय ना वरती? मी नाही लिहिलं ते, मॅडम. अक्षर बघा, माझं अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं. पण शब्द — शब्द माझे आहेत. जिन्यात मी असंच म्हटलं होतं, अगदी हेच, आणि मला तेव्हा माझाच अभिमान वाटला होता, किती छान बोलले मी म्हणून. आता ते तुमच्या कागदावर सहीशिवाय बसलंय. सही नसली म्हणून काय झालं, मला ओळखू येतंय ना.

पत्र गेलं, आणि तुमच्याकडून हुकूम आला — चौकशी होईस्तोवर मंडळाचा पैसा काढायचा नाही. बरोबर आहे, तुमचंही काय चुकलं. फळ्यावरच्या आकड्यांची बेरीज एक आणि बँकेत भरलेलं दुसरं, मग तुम्ही तरी काय करणार. पण पैसा थांबला म्हणजे पगार थांबला, आणि पगार थांबला म्हणजे हळूमावशी. तिलाही पोट आहे. दाराशी येऊन रडली ती, “ताई, दुसरीकडे काम मिळालंय, मी जाऊ का?” असं मला विचारलं — मला! मी काय सांगणार? सासूबाईंच्या कमरेवर आता लाल व्हायला लागलंय. नुसतं लाल आहे, फुटलं नाही. फुटलं की मग बरं होत नाही म्हणतात लवकर. — म्हणून मी तुम्हाला आत बोलावलं, मॅडम. कुलूप बघून तुम्ही जिन्यात उभ्या होतात, मी दाराच्या फटीतून बघितलं, आणि म्हटलं आता नाही तर कधी? बाई स्वतः काही बोलणार नाही तुमच्याशी. फादरांशीसुद्धा नाही बोलली. मान खाली घालून बसली, आणि लोक म्हणाले, बघा, कबूलच आहे. पण तिने एक पैसा खाल्लेला नाही. मला माहीत आहे. कसं माहीत? — सांगते ना.

मागच्या आठवड्यात दुपारी मी दूध मागायला गेले. दार नुसतं लोटलेलं. मी काही वाकून बघायला गेले नव्हते, दार आपोआप उघडलं — बरं, मी जरा ढकललं. तर आत बाई टेबलावर चादरीची घडी घालून इस्त्री करतेय. काय? नोटा! एकेक नोट पाण्याचा हात लावून सरळ करायची, वर जुना रुमाल टाकायचा आणि इस्त्री फिरवायची. हलक्या हाताने, लहान मुलाचा गणवेश असावा तशी. मला बघून दचकली. मीही दचकले. मग म्हणाली, “चुरगळलेली नोट काचेतून भिकारी दिसते हो, वहिनी. भिकारी दिसली की तिच्या शेजारी कुणी दुसरी टाकत नाही.” अहो, ते ‘आणि’! घरी नेते आणि इस्त्री करून आणते! मी नंतर त्या झाडणारीला गाठून विचारलं, तर ती हसत सुटली, “मी गंमत म्हणून सांगत होते की शिंपिणीला, म्हटलं बाईंचं इस्त्रीचं वेड नोटांपर्यंत गेलं!” गंमत. इथे माझ्या पायाखाली फरशी राहिली नाही आणि हिची गंमत.

पण आता नीट ऐका, इथेच सगळी मेख आहे. त्या नोटा कुणी टाकलेल्या नव्हत्याच. मावशीच्या पगाराचं पाकीट बाईकडे असायचं ना, त्या दुपारी इस्त्रीशेजारी तेच उघडं पडलं होतं — त्यातल्या नोटा काढून, इस्त्री करून, शनिवारी संध्याकाळी ती स्वतः पेटीत टाकायची. पेटी भरलेली दिसावी म्हणून. बघून लोक टाकतील म्हणून. रविवारी फादर मोजायचे, त्यात त्याही यायच्या, फळ्यावर चढायच्या. सोमवारी बाई त्या काढून परत पाकिटात. पुढच्या शनिवारी परत इस्त्री. तेच पैसे, गोल गोल. म्हणून तुमच्या फळ्यावर जास्त आणि बँकेत कमी! गेले कुठेच नाहीत हो पैसे, ते मुळात आलेच नव्हते. तिने मोजताना सांगायला हवं होतं की यातल्या एवढ्या मीच टाकल्यात — पण मग सगळ्यांना कळलं असतं की बाकी पेटी रिकामी आहे. पहिल्या रविवारी नाही सांगितलं, मग दुसऱ्या रविवारी कसं सांगणार? हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको, पण मला समजतं ते. एकदा गप्प बसलं की गप्प बसण्याचीच सवय लागते.

पुरावा? पुरावा म्हणजे — मी सांगतेय ना. मी बघितल्यात त्याच नोटा, दर शनिवारी, त्याच. सगळ्या नोटा सारख्याच दिसतात हे खरं आहे, पण एक होती — एक मोठी नोट, मधोमध चिकटपट्टी लावलेली. ती नेहमी पुढे असायची, काचेला लागून. मोठी ना, म्हणून. तीच प्रत्येक वेळी! फाटकी नुसती नाही, दोन वेगळ्या नोटांचे दोन अर्धे तुकडे जोडलेले, एका बाजूचा नंबर वेगळा, दुसऱ्या बाजूचा वेगळा, त्यामुळे कुणी घेत नाही ती, बँकसुद्धा नाही. पगारात देता येत नाही म्हणूनच तर बाईने कायमची पेटीला लावली असणार, कुठे जायची भीतीच नाही तिची. लिहा की हे. ती नोट अजून असेल तिच्याकडे, जाऊन बघा, आकडे जुळत नाहीत, म्हणजे ओळख पटली.

काय?

हो. काचेबाहेरून नंबर कसे दिसणार. बरोबर आहे. एवढे बारीक.

नाही — इस्त्री करताना बघितले असतील. म्हणजे, रुमाल होता वर. …तुम्ही फार बारीक ऐकता हो. तुमचं कामच ते. चहा निवला वाटतं, गरम करून आणू? नको. बरं.

मला एका भाजीवाल्याने दिली होती ती, मोड म्हणून, संध्याकाळच्या गर्दीत. घरी येऊन उजेडात बघितली तेव्हा कळलं. मी दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणतो, “मी नाही दिली.” मग मी औषधाच्या दुकानात खपवायला बघितली, त्याने उजेडाला धरली आणि परत दिली. दूधवाल्याला दिली, तो हसला. हे म्हणाले, “फाडून टाक.” पण मोठी नोट हो, फाडून टाकवत नाही. जीव होत नाही. मग एका रविवारी — सभेत एवढ्या टाळ्या मिळवल्या होत्या, आणि काचेची पेटी आली, आणि सगळे बघतायत, आणि मी एकदाही काही टाकलेलं नाही — म्हणून मग. पट्टी आतल्या बाजूला येईल अशी घडी घातली. आकडा बाहेर. औषधवालीने मान डोलावली मला. फादर म्हणाले, “देव भलं करो.” आणि मी म्हटलं, “अहो, त्यात काय.” — लिहू नका हो हे. नाही, लिहा. नाही लिहिलंत तर पुरावा कसा होईल? लिहा. अशी नोट जगात एकच आहे आणि ती मी टाकली आणि ती मी दर शनिवारी बघितली, आणि मला वाटायचं, अजून इथेच? कुणी काढली कशी नाही? — आणि तरीही मी ‘खाते, खाते’ म्हणत फिरले. आणि इस्त्रीचं कळल्यावरही आठवडाभर तोंड उघडलं नाही, कारण उघडलं तर ही नोट बाहेर येणार. इतर वेळी मिटत नाही हे तोंड. तेवढाच आठवडा मिटलं.

आता लिहिलंत ना सगळं? मग झालं. चोरी नाही, हे लिहा वरती, ठळक. आणि मावशीचा पगार सुरू करा. …असं का बघताय?

थांबा, मला कळलं नाही, परत सांगा. मी आज काही बोलले नसते तर तुम्ही ‘मोजण्यात चूक’ असं लिहू शकला असतात? ढिसाळपणा, समज देऊन सोडा — असं? तेवढ्यावर मिटलं असतं? आणि आता — जाणूनबुजून. आकडा फुगवला. लोकांना खोटी शिल्लक दाखवली. हो, पण तिने ते स्वतःसाठी नाही — ते लिहिणार म्हणता. बरं. पण तिला काढावं लागेल, हेही लिहिणार. चोर नाही, पण विश्वासाची नाही. असं एका ओळीत बसतं का ते? बसवता तुम्ही लोक.

म्हणजे मग ते अर्धं खरंच निघालं की. घरी नेत होती, हे खरं. खात नव्हती. आणि आम्हाला फसवत होती, तेही खरं — मलाच फसवलं की तिने, मी रोज बघून म्हणायचे, भरली आहे. आणि आत असतं किती खरं? बँकेत? …एवढंच? अहो, एवढ्यात मावशीचा पुढचा पगारसुद्धा — मग नवीन खजिनदार येऊन काय करेल? आणि पगार सुरू होणार तरी कशातून? आम्ही सगळे त्या ओट्यावरून रोज जात होतो, मॅडम. रोज. कुणाला विचारायला सुचलं नाही की बाई, चाललंय का नीट? विचारायचं सोडून बाकी सगळं केलं मी. इथून दिसतं तेवढं सगळं बघितलं.

नाव नका घालू माझं त्यात. घालावंच लागेल? …ती वाचणार का ते? तिला वाचून दाखवणार.

थांबा. दार वाजलं ना?

तीच आहे. नाही, तुमच्यासाठी नाही आली ती, तुम्ही इथे बसलाय हे तिला कुठून कळणार? ती — आता कसं सांगू तुम्हाला — मावशी बंद झाली त्या दिवसापासून ती येते. सकाळी एकदा आणि या वेळेला एकदा. सासूबाईंना कुशीवर करायला दोघी लागतात, एकीने खांदा धरायचा, एकीने कंबर. मला एकटीला जमत नाही आणि ह्यांची पाठ धरते. मी बोलावलं नव्हतं हो. पहिल्या दिवशी दार वाजलं, उघडते तर बाह्या वर करून उभी. “कुठली बाजू धरू?” एवढंच विचारलं. आणि तिला ठाऊक आहे कुणी काय पसरवलं ते, शिंपिणीने तिच्या तोंडावर सांगितलं, “तुमच्या समोरचीच सांगत असते सगळं.” तरी येते. कमरेवरचं लाल तिनेच आधी बघितलं. एक शब्द बोलत नाही त्याबद्दल. एकदा तरी कडाकडा भांडली असती ना माझ्याशी, तर मी मोकळी झाले असते. भांडत नाही. चादरीची सुरकुती काढते आणि जाते.

आले हो, आले! कडी काढते! — मॅडम, उठा तुम्ही. तो कागद पिशवीत घाला आधी. इथे नका बोलू तिच्याशी, माझ्या खुर्चीत बसून नको, तिच्या घरात बसून विचारा काय ते, काम झाल्यावर. खाली थांबा थोडं. माझ्याकडे बघू नका जाताना. जा.

— या बाई. कुलूप तसंच ठेवलंत वाटतं? नाही, कोणी नाही, ह्या मला ओळखत नाहीत. पत्ता विचारत होत्या, मी तुमचं दार दाखवलं. निघाल्याच त्या. चला, आत चला, मी खांदा धरते.